त्या खोलीत आपल्याला काही येत नाही

इस्त्रीवाल्या ताईंच्या हातून शर्ट जळला ही बातमी गल्लीभर झाली, कारण असं आजवर कधी झालंच नव्हतं. लोक म्हणाले, वय झालं, लक्ष राहत नाही. वयबिय काही नाही हो, लक्षही चांगलं शाबूत होतं. झालं होतं एवढंच, की सायकलवाल्या बाईंनी कपड्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवता ठेवता एक साधा प्रश्न विचारला होता, आणि तोही ताईंना नाही, राजेंना.

"राजे, तुमचा सरकारी भत्ता येतो ना? तो कोण खर्च करतं?"

"ताई," राजे म्हणाले.

"आणि तुम्हाला काही हवं असलं तर?"

"ताईला मागायचं."

"मग देतात?"

राजेंनी हातातल्या चादरीची घडी पुरी केली, ती थोपटली आणि मग उत्तर दिलं. "कधीकधी. ताईचा मूड बघून."

आता ह्यात खोटं काय होतं? काहीच नाही. म्हणूनच तर इस्त्री जागच्या जागी राहिली, ताई नुसत्या बघत राहिल्या आणि कुणा बिचाऱ्याच्या शर्टाच्या पाठीवर करपट त्रिकोण उमटला.

राजे म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ. कानाशी केस पिकलेले, पोट सुटलेलं, चांगला थोराड माणूस. लहानपणी बापाची टोपी डोक्यावर घालून छाती काढून चालायचे म्हणून बापानंच 'राजे' म्हणायला सुरुवात केली, आणि ते चिकटलं ते चिकटलं. बुद्धीनं हळू. शाळेत टिकले नाहीत. मोठा हिशेब डोक्यात मावत नाही, दोन माणसं एकदम बोलायला लागली की गडबडतात, आणि कुठलीही नवी गोष्ट दहादा सांगावी लागते. पण एकदा का ती डोक्यात बसली, की मग ती काढायला देव आला तरी निघायची नाही. दुकानातल्या घड्या तेच घालायचे, गठ्ठे घरोघर तेच पोचवायचे, पैसेही तेच आणायचे. सुट्यांसाठी त्यांना कुणी गंडवलंय असं झालं नाही, कारण सुटे नसले तर राजे गठ्ठा खाली ठेवून तिथंच पायरीवर बसायचे. शोधा म्हणावं सुटे, आम्हाला काय घाई आहे!

ताई एकट्या होत्या. लोक म्हणायचे, भावासाठी बाईनं संसार केला नाही. ताईंनी हे कधी खोडून काढलं नाही. खरं सांगायचं तर जो एकुलता एक माणूस बघायला आला होता, त्यानं राजेंकडे बघायच्या आधीच ताईंना नापसंत केलं होतं. पण ते कशाला सांगत बसायचं? लोकांना बरं वाटतंय, आपल्यालाही वाटतंय, चालू दे.

तर त्या दिवशी ताईंनी इस्त्री उभी केली आणि सायकलवाल्या बाईंवर तोंड सोडलं.

"मी काय खाते का त्याचे पैसे? दुकानाचं भाडं कोण भरतं? विजेचं बिल? त्याच्या गोळ्या? ही इस्त्री कशाला आणली, माझ्या हौसेला? तोही इथंच जेवतो, इथंच झोपतो!"

"मी तसं म्हटलंच नाही ताई," बाई म्हणाल्या. त्या राजेंसारख्या मोठ्या माणसांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत होत्या, आणि असल्या तोफखान्याची त्यांना सवय असावी. "खातं तुमच्या नावानं आहे, पालक म्हणून. ते कायद्यानं बरोबरच आहे. पण राजेंना पैसा कळतो. कळत असेल तर खातं त्यांच्या नावावर करता येतं. अर्ज द्यायचा, तुमची हरकत नाही म्हणून सही लागते, आणि मग कार्यालयात साहेब त्यांना चार प्रश्न विचारतात. नाव काय, राहता कुठे, पैशाचं काय करणार. बस, एवढंच."

"मला बूट हवेत," राजे म्हणाले. "नाडीचे."

"तुला कुठं बांधता येतात नाड्या?" ताई म्हणाल्या.

"येतात. आईनं शिकवलं. पण–" आणि राजे एकदम गप्प झाले. ताईंकडे बघून त्यांनी मान खाली घातली आणि पुढची चादर ओढली. बाईंना वाटलं, बहीण रागावली म्हणून गप्प बसले. तसं नव्हतं. त्या 'पण'च्या पुढं काय आहे हे फक्त दोघांना माहीत होतं, आणि तिसरी होती ती आई, ती तर गेलेली.

त्याचं असं झालं होतं. राजे लहान असताना आईनं भत्त्यासाठी धावपळ करून त्यांची तपासणी करून घेतली. भत्ता सुरू झाला. मग काही वर्षांनी बोलावणं आलं, मुलाला घेऊन या, पुन्हा बघायचंय. रांगेत पुढं एक बाई होती. राजे तिच्याशी गप्पा मारत होते, नाव सांगत होते, बोटांवर मोजून दाखवत होते. ती बाई आईच्या कानाशी लागली. "अहो, एवढं बोलतं पोर! आत असं बोललं ना, की झाला तुमचा भत्ता बंद." बाप तेव्हा अंथरुणाला खिळलेला, घरात दुसरा पैसा नाही. आईनं राजेंना बाजूला घेतलं आणि सांगितलं, "राजा, त्या खोलीत गेलं की आपल्याला काही येत नाही. नाव येत नाही, मोजता येत नाही, बटण लावता येत नाही. घरी आलं की सगळं येतं."

त्या वेळी भत्ता चालू राहिला. झालं, आईची खात्रीच पटली. पुढच्या बोलावण्याच्या आधी तिनं घरात तालीम घेतली. ताई साहेब व्हायच्या, टेबलामागं बसायच्या, आणि राजे दारातून आत यायचे ते तोंड उघडं टाकून, जीभ लोंबती ठेवून. आई हसून हसून लोटपोट व्हायची आणि ताईही. राजेंनाही मजा वाटायची. एकदा एका साहेबांनी आईलाच सांगितलं होतं, तुम्ही विचारून बघा, तुमच्याशी बोलेल. तेव्हापासून आईनं एक कलम वाढवलं: "त्या खोलीत मी जरी विचारलं तरी बोलायचं नाही. ताईनं विचारलं तरी नाही." दहादा सांगितलं. मग ते बसलं.

आई गेल्यावर बोलावणं आलं तेव्हा ताई एकट्या होत्या, भाडं थकलं होतं आणि धीर नव्हता. त्यांनी आईच्याही पुढची पायरी गाठली. सकाळी राजेंना पाणी पाजलं, पुन्हा पाजलं, आणि बजावलं, "लागली तरी सांगायचं नाही. आत गेल्यावर होऊन जाऊ दे." राजेंनी सांगितल्याबरहुकूम केलं. साहेबानं नाक दाबलं, शिपायाला हाक मारली आणि ताईंचा कागद चटकन सही करून दिला. बाहेर आल्यावर ताईंनी त्यांच्या कमरेला टॉवेल गुंडाळला आणि पाठ थोपटली, शाब्बास म्हणाल्या. राजे घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ताईंनी मनाची समजूत घातली, की त्याला कुठं कळतंय, आपण कळणारी माणसं उगीच जीव जाळतो.

हे सगळं ताईंना त्या दिवशी करपलेल्या शर्टासमोर आठवलं. आणि तरी त्यांनी सही केली! का केली? सायकलवाल्या बाई म्हणाल्या, "केवढं मन आहे तुमचं!" ताईंनी मान हलवून ते घेतलंही. खरं कारण एवढंच होतं, की सही करून काही बिघडणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. राजे त्या खोलीत जातील, राजेंना काही येणार नाही, साहेब नाही म्हणतील. खातंही राहील आणि मोठं मनही राहील. ह्याची त्यांना तेव्हा लाज वाटली नाही असं नाही. वाटली. पण गिऱ्हाईक आलं की हातातलं काम पुढं बघू म्हणून बाजूला सारतात, तशी ताईंनी ती सारली.

कार्यालयात जायच्या दिवशी राजेंनी आपली पँट आपल्याच हातानं कडक इस्त्री केली. बाईंनी त्यांना नीट समजावलं होतं: साहेब विचारतील, मग पैसे तुमच्या हातात. राजेंनी ते दहादा म्हणून घेतलं होतं. सकाळपासून स्वारी खुशीत होती. बूट काळे घ्यायचे की तपकिरी, ह्यावर त्यांनी रस्त्यात भेटेल त्याचं मत विचारलं.

पोचल्यावर सायकलवाल्या बाई आत कागद द्यायला गेल्या. व्हरांड्याच्या टोकाला पिण्याच्या पाण्याचा नळ होता, साखळीला बांधलेला पेला. राजे तिथं गेले आणि प्यायला लागले. एक पेला, मग दुसरा, मग आणखी. ताई बाकावरून बघत होत्या. राजेंनी मधेच वळून त्यांच्याकडे बघितलं, डोळ्यांनीच विचारलं, पुरे का?

आता इथं बोलायचं होतं. उठून जायचं, हात धरायचा, सांगायचं की राजा, आजची गोष्ट निराळी आहे, आज सगळं येऊ दे. एवढंसं वाक्य. दहादा सांगायला वेळही होता. ताईंनी मान फिरवली आणि भिंतीवरची सूचना वाचायला घेतली. राजेंनी आणखी एक पेला भरला.

आतले साहेब तरुण होते आणि उभे राहून 'या' म्हणाले. खुर्ची त्यांनी राजेंना आधी दिली, ताईंना आणि बाईंना नंतर.

"नमस्कार. काय नाव तुमचं?"

राजेंचा जबडा सैल झाला. जीभ बाहेर आली, मान एका खांद्यावर कलंडली आणि नजर छतावरच्या पंख्याला जाऊन चिकटली.

"राजे!" सायकलवाल्या बाई घाबरल्या. "अहो, असं काय करताय? काल मला म्हणून दाखवलंत ना? पत्ता सांगा बरं. बूट कुठले घ्यायचेत ते तरी सांगा!"

राजेंनी लाळ गळू दिली. एवढं बेमालूम त्यांना पूर्वी कधीही जमलं नव्हतं. आणि का जमू नये? ह्या खोलीत जितकं कमी येईल तितके पैसे पक्के, हे त्यांनी उभ्या जन्मात शिकलेलं होतं, आणि ह्या वेळी तर पैसे त्यांच्याच हातात पडायचे होते. बूट होते त्यात.

साहेबांनी आणखी दोनदा विचारलं, हळू, प्रेमानं. मग त्यांनी बाईंकडे बघून खांदे उडवले. "अर्जात तर लिहिलंय पैसा कळतो. मला वाईट वाटतंय, पण असं असेल तर–" आणि त्यांनी पेन उचललं.

झालं होतं मनासारखं. ताईंनी फक्त गप्प बसायचं होतं. त्या बसल्याही होत्या गप्प, मांडीवर हात ठेवून. तेवढ्यात त्यांची नजर राजेंच्या पायांकडे गेली. गुडघे एकमेकांना दाबलेले होते, आणि बघता बघता ते सैल पडायला लागले. त्या कडक इस्त्रीच्या पँटीत. साहेबांनी मान देऊन दिलेल्या खुर्चीवर.

"नको!" ताई किंचाळल्याच. "राजा, नको! नको करूस!"

पेन थांबलं. राजेंनी दचकून गुडघे आवळले. मग जीभ आत घेतली, बोट ओठांवर ठेवलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, शू! खोलीत आहोत आपण."

सायकलवाल्या बाई एकदा ह्याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघत राहिल्या.

"त्याला आधी जाऊन येऊ द्या," ताई म्हणाल्या. "खूप पाणी प्यालाय. मी बघत होते."

राजे घाईघाईनं बाहेर गेले. वाट त्यांना ठाऊक होती. आणि मागं ताईंनी सगळं ओकून टाकलं. आईची तालीम, रांगेतली बाई, टॉवेल, शाब्बास, आणि सही का केली तेसुद्धा. बोलताना त्यांनी एकदाही वर बघितलं नाही. टेबलाच्या कडेचा एक टवका उडाला होता, त्याच्याशीच बोलत होत्या. आता भत्ता बंद होणार, कदाचित मागचाही परत मागणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. होऊ दे एकदाचं, असं वाटत होतं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "पण हे कशासाठी केलंत?"

"भत्ता बंद झाला असता ना."

"कुणी सांगितलं?"

"रांगेतल्या बाईनं. आईला."

"ताई, नाव सांगता येत नाही म्हणून भत्ता मिळतो, असं नसतं. लहानपणी तपासणी झाली ती कायमची. अधूनमधून बोलावतात ते माणूस आहे ना, बरा आहे ना, कसली मदत हवी एवढं बघायला. त्यांनी इथं गाणं म्हणून दाखवलं असतं तरी भत्ता तेवढाच मिळाला असता."

ताईंनी ऐकलं आणि त्यांना कुठं जाऊ न् कुठं नको असं झालं. पैशासाठी केलं, असं तरी म्हणता येत होतं इतकी वर्षं. तेही गेलं. फुकट! आईचं हसणं, आपलं हसणं, ती व्हरांड्यातून टॉवेल गुंडाळून काढलेली वरात, सगळं फुकट.

राजे हात पुसत परत आले आणि पुन्हा मान कलंडवायला लागले.

"राजे," साहेब म्हणाले, "मला कळलंय सगळं. मी रागावलो नाही. पण एक सांगा, तुम्ही इथं असं का करता?"

राजेंनी ताईंकडे बघितलं. ताईंचं तोंड दिसत नव्हतं. मग त्यांनी आपल्या मनानंच ठरवलं असावं, कारण ते सरळ बसले.

"काम आहे माझं," ते म्हणाले. "इथं येऊन करायचं. त्याचे पैसे मिळतात. काम मी करतो, पैसे ताई घेते."

"आवडतं हे काम?"

"जीभ चालते. लाळ चालते." राजेंनी पँटीच्या घडीवरून बोट फिरवलं. "मुतायचं नाही आवडत. बाहेर लोक असतात. लाज वाटते मला."

"मग का करता?"

"काम आहे ना," राजे म्हणाले, जसं काही साहेबांना दहादा सांगायला लागणार होतं.

ताईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लाज वाटते मला. हा शब्द राजेंच्या तोंडून त्यांनी ऐकलाच नव्हता. त्यांना तो येतो हेच माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत कधी विचारलं होतं का कुणी?

"बरं," साहेब म्हणाले, "ते काम आजपासून बंद. बूट, पैसे, भत्ता, काही जाणार नाही त्यानं. आता मला खरंखुरं सांगा. तुमचं नाव काय?"

राजेंनी तोंड उघडलं. ओठ हलले. नजर ताईंकडे गेली आणि ओठ मिटले. पुन्हा उघडलं, पुन्हा तसंच.

"सांग राजा," ताई म्हणाल्या. "सांग रे, मी सांगतेय ना."

राजेंनी जोरजोरात मान हलवली. ताईनं विचारलं तरी नाही. दहादा सांगितलेलं होतं ते.

मग ते उठले, ताईंच्या खुर्चीपाशी आले आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. रागानं नाही. गठ्ठा उचलताना लावतात तसा, जपून.

"ताई, तू बाहेर बस," ते म्हणाले. "तू असलीस की मला काही येत नाही."

"तूही चल बाहेर जरा, मग–"

"नको. तू जा."

ताई उठल्या. सायकलवाल्या बाई त्यांच्याबरोबर यायला लागल्या, तर राजे म्हणाले, "बाई, तुम्ही थांबा." दार त्यांनीच लावून घेतलं.

व्हरांड्यातल्या बाकावर एक अनोळखी बाई आपल्या कागदांची पिशवी घेऊन बसली होती. ती सरकली, ताईंना जागा दिली. आतून राजेंचा आवाज यायला लागला, आधी चाचरत, मग मोकळा. नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, दुकानाचा पत्ता सांगितला, आणि मग काळे, काळेच, असं काहीतरी ठासून म्हणून ते हसले.

"आतला तुमचा का हो?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"भाऊ."

"चांगला बोलतो की!"

"हो."

"मग तुम्ही कशाला आलात बरोबर?" तिनं अगदी सहज, वेळ घालवायला विचारलं. ताईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्यांना काही येईना.